मे महिन्यात हाती घ्यायची फाईल: शाळेतल्या माणसांची पोलीस पडताळणी

शाळा जूनच्या मध्यावर उघडते, म्हणून पडताळणीचं काम मे लागताच हातात घ्या. जूनमध्ये सगळ्यांचे अर्ज एकदम जातात आणि पोलीस ठाण्यात हे काम बघणारा अंमलदार नेमका बंदोबस्तावर असतो. हजेरीपत्रक तूर्त बाजूला ठेवा. शाळेच्या फाटकातून आत कोण कोण येतं, ते आधी कोऱ्या कागदावर उतरवा. हजेरीपत्रकात शिक्षक, लिपिक, शिपाई मिळतील. पण ठेकेदाराचे सफाई कामगार, रात्रपाळीचा वॉचमन, पोषण आहार घेऊन येणारी माणसं, बसचा ड्रायव्हर आणि बसमधल्या ताई, शनिवारी कराटे शिकवणारे सर, संगणक दुरुस्तीला येणारा मुलगा तिथे सापडायचे नाहीत. ऑगस्ट २०२४ च्या बदलापूर प्रकरणातला, शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराचा आरोपी कंत्राटी सफाई कामगारच होता. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांनी कायम आणि कंत्राटी असा भेद ठेवलेलाच नाही. शाळा असो, पाळणाघर असो की क्रीडा अकादमी, मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी व्हायला हवी, आणि तीही ठरावीक काळाने पुन्हा. ठेकेदार म्हणेल, ‘आमच्या सगळ्या पोरांचं व्हेरिफिकेशन झालंय.’ प्रत मागा आणि प्रतीवरचा फोटो समोरच्या माणसाशी ताडून बघा. कागद आल्याशिवाय बदली माणूस आत घेणार नाही, ही अट करारातच घालून टाका. तोंडी सांगितलेलं दिवाळीपर्यंतही टिकत नाही.

मग नावं. इथे घाई करू नका, कारण पोलिसांकडचा शोध शेवटी नावावरच चालतो आणि मुंबईत शिंदे, जाधव, गायकवाड काही कमी नाहीत. एका कागदावर गायकवाडच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधला एक ‘ए’ जास्त, दुसऱ्यावर तो गायब. आधारवर वडिलांचं पूर्ण नाव, पॅनवर नुसतं आद्याक्षर. बाईंचं आडनाव बँकेत सासरचं, डी.एड.च्या प्रमाणपत्रावर माहेरचं. अशा गोंधळात कुणा बिचाऱ्याच्या माथी नावबंधूचा गुन्हा बसतो, आणि ज्याच्यावर खरोखर गुन्हा आहे तो त्याच फटीतून सुटतो. म्हणून प्रत्येकाकडून एक साधा कागद भरून घ्या: आजवर वापरलेली सगळी नावं, त्यांची देवनागरी आणि इंग्रजी रूपं, आईवडिलांची नावं, जन्मतारीख. नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा. ज्यांनी अजून राजपत्रात बदल नोंदवला नाही त्यांच्या आताच मागे लागा, मेमध्येच. जन्मतारीख मात्र शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून घ्या आणि आधारशी जुळवा. एका आकड्याचा फरक असला तरी तो आधी दुरुस्त करून मगच अर्ज भरा.

पत्त्याचं दुखणं खास मुंबईचं आहे. लालबागची चाळ पुनर्विकासाला गेली, शिपाईमामा संक्रमण शिबिरात राहायला गेले, आधारवर मात्र अजून जुनी खोली. हवालदार त्या पत्त्यावर जातो तेव्हा तिथे बिल्डरचे निळे पत्रे उभे असतात, आणि अहवालात ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर आढळून आला नाही’ असं पडतं. चूक कुणाचीच नसते, पण तो शेरा पुढे नडतो. सध्याचा पत्ता, भाडेकरार किंवा शिबिराचा ताबा कागद, आणि गेल्या काही वर्षांतले जुने पत्ते तारखांसह एकत्र लिहून द्या. विरारहून येणारे मीरा-भाईंदर वसई-विरार आयुक्तालयात मोडतात, कल्याण-बदलापूरचे ठाणे शहरात, पनवेलचे नवी मुंबईत. विरारचं आयुक्तालय २०२० चं आहे. त्याआधीची तिथली नोंद पालघर जिल्हा पोलिसांच्या काळातली. परराज्यातून आलेला माणूस असेल तर गावाकडच्या पोलीस ठाण्याचं नाव लिहायला विसरू नका, नाहीतर पडताळणी फक्त त्याच्या इथल्या सहा महिन्यांची होते.

प्रमाणपत्र हातात आलं की ते काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे मुख्याध्यापकांना समजावून ठेवा. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली आणि ती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे. पण त्यात नाव शोधण्याचा अधिकार पोलीस यंत्रणांना आहे, शाळेला नाही, आणि नोंदी दोषी ठरलेल्यांच्या आहेत. कुणी हौशी पालक पोलिसांच्या संकेतस्थळावर एफआयआर शोधून ‘काही नाही बघा’ असं सांगेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानुसार एफआयआर संकेतस्थळावर टाकायचे असले तरी पॉक्सोसारखे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले आहेत. तिथे कोरं दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

आता नाजूक भाग. पडताळणीत एखाद्या सरांच्या नावापुढे ‘गुन्हा दाखल’ असा शेरा आला, आणि सर सांगतात की प्रकरण केव्हाच मिटलं. ‘मिटलं’ या शब्दावर काही चालत नाही, कसं मिटलं ते विचारा. महाराष्ट्रात तपास बंद करताना पोलीस न्यायालयात समरी, म्हणजे तपास का थांबवला याचा अहवाल, भरतात. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. ‘ब’ म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी. ‘क’ म्हणजे धड खरी नाही, धड खोटी नाही, गैरसमजातून झालेली. ‘ब’ आणि ‘अ’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि शेऱ्यात ते दिसतंच असं नाही. समरी न्यायालयाने स्वीकारली का, खटला चालला असेल तर निकाल काय लागला, की उच्च न्यायालयाने एफआयआर रद्द केला, यातलं जे असेल त्याची प्रमाणित प्रत सरांनी आणायची. नुसता वकिलाचा निरोप घेऊ नका. प्रत मिळाली की तिच्यासह त्यांनी संबंधित पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना नोंद अद्ययावत करण्याचा अर्ज द्यावा, आवक क्रमांकासह पोच घ्यावी आणि नंतर नवीन प्रमाणपत्राचा अर्ज करावा. गुन्हा दाखल झाला की संगणकावर लगेच चढतो; निर्दोष सुटल्याची नोंद चढवायला कुणीतरी मागे लागावं लागतं. मूळ कागद सरांकडे राहू द्या, शाळेने झेरॉक्स ठेवावी.

असं दुखणं आपल्याकडेच आहे असं नाही. कॅलिफोर्नियात बाल अत्याचाराच्या संशयितांची सरकारी यादी आहे. तिथे न्यायालयाने निर्दोष ठरवलेल्या एका दांपत्याची नावंही त्या यादीत राहिली होती आणि नाव काढून घ्यायला दाद मागायची सोयच नव्हती. २००९ मध्ये अपील न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. दुसरीकडे, नाव काढायचं सोपं केलं की धोकादायक माणूसही निसटणार, ही भीती खोटी नाही. म्हणूनच कागद नेमका असण्याला माझ्या लेखी ‘कडक’ किंवा ‘उदार’ असण्यापेक्षा जास्त मोल आहे.

एक प्रश्न मात्र अर्जात छापू नका: ‘लहानपणी कधी पोलीस केस झाली होती का?’ बालन्याय कायदा, २०१५ नुसार बालन्याय मंडळाने निकाली काढलेल्या प्रकरणाची नोंद पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करायची नाही. सोळा वर्षांपुढच्या मुलावर बाल न्यायालयात प्रौढ म्हणून खटला चालून तो दोषी ठरला असेल, तर त्याला अपात्रतेपासून मिळणारं संरक्षण राहत नाही, पण ते ठरवणं शाळेच्या क्लार्कचं काम नाही.

पडताळणीची फाईल तक्रारींच्या कागदांपासून वेगळी ठेवा. शाळेत तक्रार आलीच, तर मुलाचं नाव, वर्ग, फोटो यातलं काहीही कर्मचाऱ्याच्या पडताळणीच्या फाईलमध्ये जाता कामा नये. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच.

सगळ्यात मोठी चूक नोंदवहीत सापडत नाही, कारण ती नोंदवहीपर्यंत पोचतच नाही. एखाद्या शिक्षकाबद्दल कुजबुज झाली की संस्थेची अब्रू म्हणून राजीनामा घ्यायचा, ‘वर्तन समाधानकारक’ असं अनुभवपत्र द्यायचं आणि विषय मिटवायचा. तो माणूस दुसऱ्या शाळेत स्वच्छ प्रमाणपत्र घेऊन उभा राहतो, आणि पोलिसांचं प्रमाणपत्र खोटं नसतं. त्यांच्याकडे काही पोचलेलंच नसतं. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती किंवा शंका असली तरी विशेष बाल पोलीस पथक किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या माणसाविरुद्धची बाब लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ नुसार एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. म्हणून नवीन माणूस घेताना आधीच्या शाळेला फोन करा, पण मोघम विचारू नका. थेट विचारा: मुलांशी वागण्याबद्दल लेखी-तोंडी काही तक्रार होती का, आणि असल्यास पोलिसांना कळवलं का? उत्तर देणाऱ्याचं नाव, पद आणि तारीख तिथल्या तिथे लिहून फाईलला लावा.

फाईलच्या पहिल्या पानावर एक तक्ता करा: नाव, पोलीस ठाणं, अर्जाचा क्रमांक, प्रमाणपत्राची तारीख, पुढची तारीख. ठेकेदाराच्या माणसांचा तक्ता वेगळा ठेवा आणि बदली झाली की त्याच दिवशी ओळ बदला. सखी सावित्री समिती (शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठीची समिती) आणि बसच्या परिवहन समितीच्या पहिल्या सभेत तो तक्ता मांडा, आणि राहिलेल्या ओळींपुढे जबाबदार माणसाचं नाव लिहून घेतल्याशिवाय सभा संपवू नका.