पोर्ट्रेटसाठी छत्री घेताना आधी खोली बघा

“ताई, छत्री किती इंची घेऊ?” असा, फ्लॅशचा उजेड मऊ करायला लावतात त्या छत्रीबद्दलचा फोन महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. मी उलट विचारते, फोटो कुठल्या खोलीत काढणार? छत किती उंच आहे? भिंतींना रंग कुठला? छत्रीतून निघालेला उजेड भिंतींवर आपटून फिरून चेहऱ्यावरच येतो, म्हणून आधी खोली बघायची.

हे मला सांगलीतल्या एका घरी कळलं. आजींचा फोटो होता, सोबत पांढरी आरपार छत्री. या छत्रीत फ्लॅशचं तोंड माणसाकडे असतं आणि मध्ये कापड येतं. उजेड कापडातून गाळून पुढे जातो, पण बराचसा उलटा मागेही फेकला जातो. त्या खोलीला पिस्ता रंगाचा ऑइल पेंट होता. घरी येऊन फोटो उघडले तर आजींचा सावलीकडचा गाल हिरवट. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांचा तोल, फिरवून तो गाल नीट केला की उजेडाकडचा गुलाबी व्हायचा. एकाच चेहऱ्यावर दोन रंगांचा उजेड पडला की तो नंतर सहजासहजी निस्तरत नाही. तोच फोटो पांढऱ्या भिंतींच्या खोलीत काढला असता तर मागे गेलेल्या उजेडाने सावल्या छान भरून आल्या असत्या.

म्हणून पहिली छत्री घ्यायची ती ४३ इंची, पांढऱ्या कापडाची, वरचं काळं आवरण काढता येईल अशी. भिंती पांढऱ्या असतील तर आवरण काढा आणि आरपार वापरा. रंगीत असतील तर आवरण चढवा, फ्लॅशचं तोंड छत्रीच्या पोटाकडे करा आणि परत येणारा उजेड माणसावर घ्या. मागे काही सांडत नाही. मात्र अशा वेळी फ्लॅश आणि दांड्याचं टोक माणसाच्या बाजूला येतं, त्यामुळे छत्री फार जवळ नेता येत नाही. आरपार छत्री अगदी फ्रेमच्या कडेपर्यंत सरकवता येते.

आणि जवळ न्यायलाच हवी. छत्रीचा व्यास जेवढा, साधारण तेवढंच तिचं चेहऱ्यापासूनचं अंतर ठेवा. ४३ इंचीला साडेतीन फूट. मोठी छत्री घेतली म्हणजे उजेड मऊ येतो असं समजून लोक ६० इंची घेतात आणि दहा फुटांवर उभी करतात. मग नाकाची सावली कडक पडते, आणि अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होत असल्याने फ्लॅशही धापा टाकतो. शिवाय ६० इंची छत्रीचा मध्य साडेसहा फूट उंचीवर नेला की वरची कड नऊ फुटांच्या छताला टेकते. घरात शूट असेल तर आधी पंखा बंद करा आणि रेग्युलेटरवर चिकटपट्टी लावा, म्हणजे घरातलं कुणी सवयीने सुरू करणार नाही. पाच-सहा जणांचं कुटुंब उभं करायचं असेल तेव्हा मात्र ६० इंचीला पर्याय नाही.

चंदेरी छत्री जास्त उजेड देते, पण चेहऱ्यावरचा तेलकटपणा लगेच दाखवते. नवरीच्या शालूची जर पांढरीफट्ट होते, कपाळ चकाकतं. मी ती तालमीतल्या पैलवानांसाठी राखून ठेवते. घाम, अंगावरची लाल माती, मोडलेले कान हे सगळं तिच्या उजेडात उठून दिसतं.

मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या एका कारागिराचं पोर्ट्रेट काढत होते. मांडीवर पॉलिश केलेला तंबोरा. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तर भोपळ्याच्या गोलाईवर अख्खी छत्री उमटलेली, काड्यांसकट, मधोमध फ्लॅशचा काळा ठिपका. मी छत्रीच्या तोंडावर पांढरं पातळ कापड चढवलं. काड्या विरघळल्या, भोपळ्यावर लांबट मऊ चमक राहिली आणि त्यांच्या बुबुळातही स्वच्छ गोल ठिपका आला. काच, पितळ, नथीतले मोती, चष्मा समोर असेल तर हे तोंडाचं कापड सोबत ठेवाच. चष्म्यासाठी छत्री थोडी वर आणि बाजूला घ्या, आणि चष्मा घातलेल्याला हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा.

दुकानात छत्री उघडून बघा. कापडाशेजारी कोरा कागद धरा, म्हणजे पिवळटपणा कळतो. दांडा तुमच्या स्टँडच्या भोकात बसतो का तेही तिथेच पाहा, काही लाइटना ७ मिलिमीटरचाच लागतो.

घरी आणल्यावर एक चाचणी करा. फ्लॅशचा झूम, म्हणजे उजेड किती पसरेल ते ठरवणारा आकडा, २४ किंवा ३५ वर ठेवा, माणूस बसणार त्या जागी बसा, अ‍ॅपर्चर एफ १६ ठेवून (म्हणजे लेन्सचं भोक लहान करून) फ्लॅशची पॉवर कमी करा आणि छत्रीचाच फोटो काढा. नुसता मधला भाग पेटलेला दिसला, तर मोठ्या छत्रीचे पैसे देऊन तुम्ही लहान छत्री वापरताय. फ्लॅश दांड्यावर मागे सरकवा, पुन्हा काढा. कडेपर्यंत कापड भरलं की दांड्यावर त्या जागी मार्करने खूण करून ठेवा.