जमीन मोजणीचा डेटा सॉफ्टवेअरमध्ये भरताना या चुका टाळा

नागपूरचा डेटा उघडला की आधी आकडे बघा, रेषा नंतर. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) पाडून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत. झोन ४४ मध्ये शहराजवळच्या पॉइंटचं ईस्टिंग (पूर्व-पश्चिम आकडा) ३ लाखांच्या आसपास आणि नॉर्थिंग (उत्तर-दक्षिण आकडा) २३ लाख ४० हजारांच्या आसपास यायला हवं. ईस्टिंग ९ लाखांपुढे दिसलं, तर पुण्या-मुंबईच्या कामाची टेम्प्लेट उचलली गेली आहे. तिकडचा झोन ४३. हद्द ७८ रेखांशावर आहे, म्हणजे अमरावती शहरही ४३ मध्येच जातं. दोन्हीकडे काम करणाऱ्यांनी प्रत्येक प्रोजेक्टला झोन तपासावाच.

नॉर्थिंग-ईस्टिंगची अदलाबदल याहून फसवी. ऑटोकॅड या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स म्हणजे ईस्टिंग. कॉलम उलटे गेले की शेत आरशात दिसावं तसं उलटं होतं. क्षेत्रफळ मात्र तेच राहतं! म्हणून सातबाऱ्याशी क्षेत्र जुळलं एवढ्यावर नकाशा सोडू नका. विहीर धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) कोणत्या अंगाला आहे, ते हातच्या स्केचशी ताडून बघा.

सगळ्यात जास्त नुकसान एक्सेलमध्ये होतं. खसरा क्रमांक (जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक) १२/३ टाकला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. मग कॉलम ‘टेक्स्ट’ केला तर तिथे भलतीच पाच आकडी संख्या येते आणि मूळ क्रमांक हातचा जातो. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाइल) डबल क्लिक करून उघडली नि सेव्ह केली की झालंच. फाइल ‘डेटा’ टॅबमधून आत घ्या आणि खसऱ्याचा कॉलम आधीच ‘टेक्स्ट’ ठरवा. यंत्रातून उतरवलेली मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, तिला हात लावू नका.

अक्षांशाचंही तसंच. २१ अंश ८ मिनिटं ४५ सेकंद हे २१.०८४५ असं भरलं, तर पॉइंट पावणेसात किलोमीटर दक्षिणेला जातो. खरा आकडा २१.१४५८.

उंची बघा: नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे. रोव्हर (शेतात फिरवायचं उपग्रह-मोजणीचं यंत्र) त्यापेक्षा पन्नासहून जास्त मीटर कमी दाखवत असेल तर जिऑइड मॉडेल, म्हणजे उपग्रहाची उंची समुद्रसपाटीच्या उंचीत बदलणारा तक्ता, लावायचं राहिलं आहे.

टोटल स्टेशनवर (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्रावर) प्रिझम कॉन्स्टंट, म्हणजे समोरच्या प्रिझमसाठी अंतरात करायची ठरलेली दुरुस्ती, तपासा, आणि मे महिन्यात तापमानही भरा. यंत्रात २० अंश राहिले आणि बाहेर ४५ असले, तर ४०० मीटरला साधारण एक सेंटिमीटर फरक पडतो. धुऱ्याच्या वादात तोही नको.

आर आणि गुंठा एक समजू नका. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, आर १०० चा. दोन हेक्टरवर दोन गुंठ्यांहून जास्त फरक येतो, आणि शेतकऱ्याला वाटतं शेजाऱ्याने जमीन दाबली.

पॉइंटला द्यायचे कोड शेतात जायच्या आधीच ठरवा. ‘धुरा’, ‘धुरे’, ‘बांध’ असे तीन कोड पडले की एकच हद्द तीन लेयरमध्ये तुटते.

नकाशा देण्याआधी जागेवर दोन पक्क्या खुणा निवडून त्यांच्यातलं अंतर टेपने मोजा आणि स्क्रीनवरच्या अंतराशी ताडा. जुळलं नाही तर प्रिंट काढू नका.