पुण्यात बदली झालीये? घर रविवारी बघून फायनल करू नका

नोकरीसाठी फॅमिली घेऊन पुण्याला येताय ना, तर रविवारी घर बघून लगेच टोकन देऊ नका प्लीज, कारण रविवारी वाकड-हिंजवडीचा रस्ता मोकळा वाटतो आणि सोमवारी सकाळी नऊला त्याच रस्त्यावर अडकलात की मग कळतं. आम्ही नागपूरहून आलो तेव्हा हेच झालं, नवरा रात्री नऊला घरी, लेक बाबाची वाट बघत बघत झोपून जायची, माझी सोसायटीत कोणाशी ओळख नाही, दोन-तीन महिने घरात नुसती चिडचिड आणि आम्हाला वाटायचं आपलंच काहीतरी बिनसलंय.

म्हणून ऑफिसच्या वेळेला एकदा तरी जाऊन-येऊन बघा. आणि घर ठरवताना जो दिवसभर घरात असणार आहे त्याला आधी विचारा, आई-बाबा सोबत असतील तर भाजी, दवाखाना, संध्याकाळी बसायला बाग हे सगळं चालत जाता येईल एवढ्यावर हवं, माझ्या मते स्विमिंग पूलपेक्षा हे कितीतरी मोठं आहे. भाडेकरार बहुतेक ११ महिन्यांचा असतो, पण त्यात लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचा आहे ते सही करायच्या आधी वाचा, म्हणजे नाहीच जमलं तर एरिया बदलता येतो.

बऱ्याच शाळा जूनमध्ये सुरू होतात, तुमच्या शाळेचं आधी विचारून घ्या, त्यामुळे जमत असेल तर एकाने आधी येऊन पीजीत राहावं आणि बाकीच्यांनी मे महिन्यात यावं. शाळा सोडल्याचा दाखला मात्र निघतानाच हातात घ्या.