व्हायवाला आरसी-४चा डेमो नेताय? आधी किल्ल्या मोजा

गेल्या वर्षी एक्स्टर्नलसमोर माझा पुरता पचका झाला, म्हणून ही यादी. स्ट्रीम सायफर (मजकूर बाइटगणिक सांकेतिक करण्याची पद्धत) हा विषय मिळाला की आपल्याकडे बहुतेक जण आरसी-४ आणि त्याचा दुसरा बाइट यावरच येऊन थांबतात. आरसी-४ हा असाच एक जुना सायफर: किल्लीनुसार ० ते २५५ हे आकडे २५६ खणांत पिसतो आणि मग त्यांतून एकेक बाइट काढतो. बाइटची ही ओळ म्हणजे की-स्ट्रीम, ती मजकुरात मिसळली की सायफरटेक्स्ट. थांबा, हरकत नाही. पण तयारीनिशी.

लॅपटॉप, चार्जर, आयकार्ड हे सांगावं लागत असेल तर पुढचं वाचू नका.

कोड स्वतः लिहा, वीस ओळींचाही नाही. लिहून झाला की लगेच पडताळा: किल्ली म्हणून के-ई-वाय ही तीन अक्षरं द्या (पहिलं कॅपिटल). की-स्ट्रीम हेक्समध्ये (सोळाच्या पायात) ईबी, ९एफ, ७७, ८१ अशी सुरू झाली पाहिजे. नाही झाली, तर ‘आय’ (खणांवरून एकेक पुढे सरकणारा काउंटर) आधी वाढवून मग वापरताय का ते बघा. आणि दुसरा बाइट म्हणजे पायथनच्या यादीत (मोजणी ०पासून) १ नंबरचा, २ नंबरचा नव्हे.

आता मुद्द्याचं. दर नमुन्याला नवी किल्ली. मंटिन आणि शमीर या संशोधकांनी २००१ साली दाखवलं की आरसी-४चा दुसरा बाइट शून्य असण्याची शक्यता १/२५६ नसून जवळपास १/१२८ आहे. हे मला तोंडपाठ होतं. मी काय केलं, तर एक किल्ली घेतली, ६५,५३६ बाइट काढले आणि त्यातली शून्यं मोजली. आली २६१. म्हणजे अगदी निर्दोष सायफर! बाहेर पाऊस, पत्र्यावरचा आवाज, आणि स्क्रीनवर माझा सपाट आलेख. सरांनी विचारलं, “किल्ल्या किती घेतल्यात?” म्हटलं, “एक.” त्यांनी पेनाला टोपण लावलं.

एका किल्लीला दुसरा बाइट एकच असतो हो! तो शून्य असेल किंवा नसेल, त्यात शक्यता कसली मोजणार? किल्ली बदला, पुन्हा पिसा, दुसरा बाइट नोंदवा, बाकीचे फेकून द्या. पुन्हा नवी किल्ली. असं ६५,५३६ वेळा. निव्वळ योगायोग असता तर सुमारे २५६ शून्यं आली असती, १५-२० इकडे-तिकडे. आरसी-४ देतो ५१२च्या आसपास. हजार किल्ल्यांवर भागवू नका. ४ असायला हवी होती, ८ आली, यावर कोण विश्वास ठेवेल?

किल्ल्या ओएस डॉट युरँडममधून (पायथनचं रँडम बाइट देणारं फंक्शन), १६ बाइटच्या. लूपच्या आत घड्याळाचे सेकंद घालून रँडम जनरेटर सीड (म्हणजे नव्याने सुरू) करू नका. माझ्या पार्टनरने तेच केलं होतं: सेकंद बदलेपर्यंत हजारो वेळा तीच किल्ली. नवी म्हणजे खरोखर नवी. शंका असेल तर सगळ्या किल्ल्या एका सेटमध्ये टाका आणि सेटची लांबी छापा.

शेजारी तुलनेचा स्तंभ हवाच: तोच प्रोग्रॅम, फक्त आरसी-४च्या जागी युरँडमचे बाइट.

फळ्यावरची सिद्धता पाठ नको, हाताने करून बघा. पिसल्यावर २ नंबरच्या खणात ० आहे आणि १ नंबरच्या खणात २ नाही असं धरा. पहिल्या फेरीत १ नंबरच्या खणातला आकडा, समजा क्ष, क्षव्या खणात जाऊन बसतो. ‘जे’, म्हणजे कुठल्या खणाशी अदलाबदल करायची तो नंबर, आता क्ष आहे. दुसऱ्या फेरीत ‘जे’मध्ये ० मिळवला जातो, म्हणजे ‘जे’ क्षवरच राहतो. अदलाबदल होते, ० क्षव्या खणात येतो. अदलाबदल झालेल्या दोन आकड्यांची बेरीज क्ष अधिक ०, म्हणून बाहेर पडतो क्षव्या खणातलाच आकडा: ०. हा झाला १/२५६, आणि एरवी नशिबाने येणारा आणखी जवळपास तेवढाच. इथे खडू खाली ठेवा आणि गप्प राहा.

याचा उपयोग काय, हे विचारतातच. शून्य मिसळलं की मजकूर तसाच राहतो. म्हणून एकच मजकूर वेगवेगळ्या किल्ल्यांनी पाठवला, तर सायफरटेक्स्टच्या दुसऱ्या जागी सर्वांत जास्त वेळा येणारा बाइट हाच मूळ मजकुराचा बाइट. पाच ओळींचा डेमो आहे, नक्की घ्या. (इथेही किल्ल्या वेगवेगळ्या. सांगून दमलो.)

सुरुवातीचे बाइट टाकून दिले तर? हा बायस (शून्याकडचा कल) जातो, पण लांब पल्ल्याचे, ओळीत पुढेही टिकणारे, उरतात. वानहूफ आणि पीसेन्स या संशोधकांनी २०१५ साली त्या बायसांवरच ७५ तासांत वेबसाइटची कुकी (लॉगिनची खूण) काढून दाखवली. त्याच वर्षी फेब्रुवारीत आरएफसी ७४६५ने (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) टीएलएसमध्ये, म्हणजे वेबसाइटशी सुरक्षित बोलण्याच्या प्रोटोकॉलमध्ये, आरसी-४ला बंदी घातली. वाय-फायचं डब्ल्यूईपी (आरसी-४ वापरणारी जुनी सुरक्षा), २४ बिटांचा आयव्ही (दर पॅकेटला किल्लीला जोडायचा आकडा): दोन वाक्यं पुरेत. पर्याय विचारला तर चाचा२० हा नवा स्ट्रीम सायफर.

आलेखाखाली ठळक लिहा: किल्ल्या ६५,५३६. पीडीएफ करून ठेवा, फॉन्ट उडतात. रन आदल्या रात्रीच करून आउटपुट सेव्ह करा. एचडीएमआयची वायर घरून न्या. बाइंडिंग आदल्या दिवशीच, कारण गेटसमोरचा झेरॉक्सवाला दहाला उघडतो आणि रिपोर्टिंग साडेनऊचं असतं.