जुन्या एअरस्ट्रीमचे ॲक्सल बदलताना

प्रवासात एअरस्ट्रीमच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या, कपाटांचे स्क्रू आपोआप निघून पडतात, मागच्या बाजूचे रिव्हेट उडतात? मग स्क्रू आवळत बसण्याआधी चाकांपाशी वाकून बघा. 1960 च्या दशकापासून या अमेरिकन ट्रेलरना कमानपाट्यांऐवजी रबरी टॉर्शन ॲक्सल आले. नळीत दाबून बसवलेले रबराचे दांडे, एवढंच त्यांचं सस्पेन्शन. वीस-पंचवीस वर्षांत हे रबर दगडासारखं होतं आणि खड्ड्याचा दणका थेट पत्र्यात जातो.

पारख सोपी आहे. ट्रेलर भरलेला असताना चाकाकडे जाणारा आर्म मागच्या बाजूला, किंचित खाली झुकलेला हवा. तो आडवा किंवा वर वळलेला दिसला तर ॲक्सल संपलं. फ्रेम जॅकने उचलून बघा. चाक खाली लोंबायच्या ऐवजी लगेच जमीन सोडत असेल तर शंकाच नको. हे रबर बदलून मिळत नाही, अख्खं ॲक्सलच घ्यावं लागतं. दोन असतील तर दोन्ही एकदम बदला.

खरी चूक होते ती ऑर्डर देताना. पाणी, गॅस, सामान भरून ट्रेलर वजनकाट्यावर न्या. दोन ॲक्सलवर मिळून 5,600 पौंड आले, तर प्रत्येकी 3,000 ते 3,200 पौंडांचं ॲक्सल पुरे. ‘असू दे जास्त’ म्हणून 5,000 चं घातलंत, तर नवं रबरही जुन्याइतकंच कडक वागेल आणि रिव्हेट उडतच राहतील.

मापं स्वतः, दोनदा घ्या: दोन्ही हबच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) तोंडांमधलं अंतर, ॲक्सल फ्रेमला जोडणाऱ्या ब्रॅकेटची बाहेरून रुंदी, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, चाकाचे बोल्ट किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास. आर्मचा कोन सहसा 22.5 अंश खाली. शॉक ॲबसॉर्बरचे ब्रॅकेट आणि इलेक्ट्रिक ब्रेक त्याच ऑर्डरमध्ये सांगा. नंतर नळीवर वेल्डिंग करायचं नाही, आतलं रबर जळतं.

कामाला सपाट काँक्रीट हवं. ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा, हँडब्रेक ओढा. चाकांचे नट जमिनीवर असतानाच ढिले करा. जॅक आणि स्टँड मुख्य फ्रेमखाली लावा, ॲक्सलच्या नळीखाली कधीच नाही. ब्रेकच्या वायरी कापा, शॉक सोडा. ब्रेकची धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतो. ब्रॅकेटच्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, तरीही एखादा ग्राइंडरनेच कापावा लागतो. शेवटचा बोल्ट निघण्याआधी नळीखाली चाकांवर सरकणारा जॅक हवा. ॲक्सल दोघांनाही सावरत नाही.

जागा मोकळी झाली की फ्रेम ब्रशने घासा. गंजून पापुद्रे सुटत असतील तर आधी तिथलं पोलाद दुरुस्त करा. नवं ॲक्सल आर्म मागे ठेवून वर चढवा, नवे बोल्ट हाताने लावून घ्या, मग आळीपाळीने आवळा.

ब्रेकच्या दोन वायरींना उलट-सुलट नसतं, पण अर्थिंग पक्कं हवं. ब्रेकचा ॲडजस्टर चाक जड होईपर्यंत फिरवा, मग हलकी घासणी ऐकू येईल इतकाच मागे घ्या. चाकांच्या अर्ध्या इंची बोल्टचे नट 90 ते 120 फूट-पौंडांवर, समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि 10, 25 व 50 मैलांनंतर पुन्हा तपासा.

नव्या ॲक्सलवर ट्रेलर काही इंच उंच बसतो, त्यामुळे पुढचा भाग खाली झुकू नये म्हणून गाडीच्या हिचचा बॉल (ज्यावर ट्रेलर जोडतात तो गोळा) पुन्हा वर चढवावा लागतो.