जुनी ईओटी क्रेन उतरवताय? आधी हुक खाली टेकवा

गाळप संपलं की आपल्या सांगली-साताऱ्याकडं कारखान्यांत ऑफ सीझनची कामं निघतात, त्यात गव्हाणीवरची (ऊस टाकायच्या जागेवरची) जुनी ईओटी क्रेन, म्हणजे वर दोन्ही बाजूंच्या रुळांवर चालणारी विजेची क्रेन, उतरवायचं काम हमखास असतं, एमआयडीसीतल्या शेडमधल्या क्रेन वेगळ्याच. मी कुपवाडला राहतो, रिगिंगची, म्हणजे जड वजन बांधून उचलायची-उतरवायची कामं बरीच वर्षं करतोय. पोरांना रोज एकच सांगतो, कुठलाही बोल्ट ढिला करायच्या आधी विचारा की हा निघाल्यावर वजन कशावर उभं राहणार? उत्तर बोटानं दाखवता आलं पाहिजे, ही स्लिंग (वजन बांधायचा पट्टा किंवा दोर), हा घोडा (खालचा टेकू). "राहील की" असं उत्तर आलं तर पाना खाली ठेवायचा.

सगळ्यात आधी हुक ब्लॉक पूर्ण खाली आणून जमिनीवर टेकवा, मग ड्रमवर (रोप गुंडाळायच्या पिंपावर) असलेला सगळा तारेचा रोप सावकाश उतरवून घ्या, आणि हे सप्लाय चालू असतानाच करायचं. कारण हॉइस्टचा (हुक वर-खाली करणाऱ्या यंत्राचा) ब्रेक बहुतेक वेळा मोटरच्या बाजूला असतो, तुम्ही मोटर आणि गिअरबॉक्समधलं कपलिंग खोललं की ड्रमला धरणारं कुणीच उरत नाही. हे मी डोळ्यानं बघितलंय. एका कामावर हुक दोन-तीन पुरुष वर लटकलेला तसाच ठेवून कपलिंगचे बोल्ट काढले, ड्रम आधी हळू फिरला, मग एकदम सुटला, आणि रोपच्या शेपटीनं आमच्या एका खलाशाचा (रिगिंगच्या कामगाराचा) हात मनगटाच्या वर मोडला. बोल्ट काढायला मीच सांगितलं होतं. त्यानंतर हुक टेकल्याशिवाय मी वर शिडी चढलो नाही.

हुक टेकला, रोप निघाला, की मग मेन आयसोलेटर बंद, फ्यूज काढून कुलूप, आणि किल्ली वर काम करणाऱ्याच्या खिशात, ऑफिसच्या टेबलावर नाही. नंतर डीएसएलवर (क्रेनला वीज देणाऱ्या रुळालगतच्या लाईनवर) टेस्टर लावून बघायचंच, जुन्या शेडमध्ये कोणत्या स्विचवर काय जोडलंय ते चिठ्ठीवर एक आणि वायरमध्ये दुसरंच असतं. त्याच रुळावर दुसरी क्रेन चालू असेल तर तिला स्टॉपर बांधा. माणूस रुळाजवळ कामाला असेल तर चालती क्रेन ६ मीटरच्या आत येता कामा नये, असं १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम २९ मध्येच लिहिलेलं होतं, तेवढं अंतर पाळायचंच, त्यामुळं प्रॉडक्शनवाले "एकच फेरी मारू द्या" म्हणत आले तर सरळ नाही म्हणा.

आता वजन. अंदाजानं हायड्रा (चाकांवरची फिरती क्रेन) बोलवू नका, हिशेब करा, अवघड नाही. १ चौरस मीटर पत्रा, १ मिमी जाड, म्हणजे ७.८५ किलो. समजा बॉक्स गर्डर (क्रेनची डब्यासारखी पोकळ आडवी तुळई) १२ मीटर लांब आहे, बाजूचे दोन पत्रे ८०० मिमी उंच ६ मिमी जाड, वरखालचे ४०० मिमी रुंद १० मिमी जाड. बाजूचे झाले ९०४ किलो, वरखालचे ७५४, म्हणजे नुसता डबाच १,६५८ किलो, त्यावर रूळ, आतल्या पट्ट्या, प्लॅटफॉर्म, एलटी मोटर (क्रेन रुळावर चालवणारी), पॅनेल. हे सगळं धरलं की आकडा कुठल्या कुठं जातो. आणि १४ टनाची हायड्रा १४ टन उचलते ती बूम (पुढचा लांब होणारा हात) आत असताना, बूम बाहेर काढलं की ताकद झपाट्यानं कमी होते, म्हणून ऑपरेटरकडं लोड चार्ट मागा, नसेल तर ती गाडी परत पाठवा. स्लिंग आणि शॅकलवर (स्लिंग अडकवायच्या पिनवाल्या कडीवर) क्षमतेचा टॅग आहे का बघा, शॅकलची पिन हरवली म्हणून बोल्ट घालायचा नाही.

स्लिंगचा कोन लोक विसरतात. १० टनाला दोन पायांची स्लिंग, जमिनीशी ६० अंशाचा कोन असेल तर प्रत्येक पायावर ५.८ टन येतं, ४५ ला ७ टनाच्या वर, आणि ३० अंशावर प्रत्येक पायावर पूर्ण १० टन! आखूड स्लिंग ताणून भागवायची आपल्याकडची सवय इथंच मारते.

गर्डर एंड कॅरेजपासून (टोकाच्या चाकांच्या चौकटीपासून) सोडवताना प्लॅटफॉर्मची बाजू जड असते हे लक्षात ठेवा, मधोमध बांधला तरी उचलताच तो त्या बाजूला कलंडतो, म्हणून जमलं तर प्लॅटफॉर्म आणि पॅनेल आधीच उतरवा. बोल्ट सोडायच्या आधी स्लिंग ताणात घ्यायची. शेवटचा बोल्ट निघाला की दोन-तीन इंच उचलून थांबा, मिनिटभर बघा, तिरकं वाटलं तर खाली ठेवून परत बांधा. दोन्ही टोकांना दोरी लावून लांबून धरायची, गर्डरला हात लावायचा नाही. इशारा देणारा माणूस एकच, पण "थांब" म्हणायचा हक्क सगळ्यांना, चहा आणणाऱ्या पोराला पण. उघड्यावरची गॅन्ट्री (क्रेनच्या रुळांचा सांगाडा) असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचं वारं कधी सुटेल नेम नसतो, मोठी उचल सकाळीच उरकून घ्या.

गॅस कटिंग शक्यतो टाळा. करावंच लागलं तर गिअरबॉक्सचं तेल आधी काढा, आणि कारखान्यात खाली, कोपऱ्यात, रुळाच्या फटीत बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) भुसा असतो तो झाडून पाणी मारा. ठिणगी आत धुमसत राहते आणि माणसं जेवायला गेल्यावर पेट घेते, म्हणून कटिंग संपल्यावर तासभर एकजण पाण्याची नळी घेऊन तिथंच बसवायचा. जुन्या क्रेनला शेंदरी प्रायमर असतो, त्यात शिसं असू शकतं, धूर नाकात गेला की विष, तिथला रंग आधी खरवडा आणि चांगला मास्क लावा. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही.

वर चढणाऱ्याला फुल बॉडी हार्नेस (अंगभर सुरक्षा पट्टा), आणि त्याचा हुक लाईफलाईनला (वेगळ्या बांधलेल्या सुरक्षा दोराला), निघणाऱ्या गर्डरला कधीच नाही. हार्नेसमध्ये लटकलेला माणूस काही मिनिटांत खाली आणावा लागतो, नाहीतर पायात रक्त साचून तो बेशुद्ध पडतो. १०८ ला फोन करा, मिरजेत दवाखानेही भरपूर आहेत, पण वरून त्याला खाली आपल्यालाच आणायचंय, त्यामुळं कोण चढणार आणि कशानं उतरवणार हे सकाळीच ठरवा, आणि एकदा करून बघा.

खाली आलेला गर्डर लाकडी स्लीपरवर आडवा ठेवून दोन्ही बाजूनं पाचर मारा. उभा ठेवून "उद्या सकाळी ट्रक येणार आहे" म्हणत घरी जाऊ नका, रात्री तिथून वॉचमन जातो, कुत्री जातात, कुणाची तरी पोरं जातात.