पिंजऱ्यातून पुन्हा गादीवर

आमची कोंबड्यांची शेड गुहागरजवळ, खाडीला लागूनच. जुलैत गादीच्या, म्हणजे पक्ष्यांखाली जमिनीवर अंथरलेल्या तुसाचे ओले गोळे व्हायचे, आत शिरलं की डोळे चुरचुरायचे आणि पिल्लांच्या वयाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रक्ती हगवण ठरलेली. शेवटी एका पावसाळ्यात दोनशे ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्या, पिंजऱ्यात चढवले.

विष्ठा खाली पडते, पक्षी तिच्यात चोच घालत नाही, त्यामुळे हगवण खरंच थांबली. पण वजन दीड किलोच्या पुढे गेलं तसे पक्षी तारेवर बसूनच राहू लागले. एक उचलून उलटा केला, तर छातीवर सुपारीएवढा पाण्याचा फोड आणि तळपाय सोललेले. फार वाईट वाटलं. अंड्याची कोंबडी अंगाने हलकी. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोवर जातो, त्याला तारेवर स्वतःचा भार पेलत नाही. त्यात खाऱ्या वाऱ्याने तारही गंजली.

पिंजरे काढले आणि गादीच सुधारली. तूस आता मे महिन्यातच कोरडा भरून ठेवतो. तीन इंच पसरतो, रोज सकाळी दाताळ्याने हलवतो, ओला झालेला लगेच बाहेर. पाण्याच्या भांड्यांऐवजी चोच लावली की थेंब सोडणारे निपल लावले, सांडणं बंद झालं. वळचण तीन फूट वाढवली. शेडच्या बाजूच्या पडद्याच्या वर मात्र फूटभर फट हवीच, पाऊस कितीही असो, नाहीतर विष्ठेतून सुटणारा अमोनिया वायू आत कोंडतो.

तूस मुठीत दाबून बघायचा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर त्याच दिवशी बदलायचा.